शनिवार-रविवारची सहल : नीरेच्या डाव्या कालव्याकाठी

‘यंदा सहल कोठे न्यायची?’ हा प्रश्न आमच्या इतिहास मंडळापुढे दरवर्षी दिवाळीची सुट्टी संपली की उभा राहतो आणि दरवर्षी त्याचे उत्तर महाबळेश्वर किंवा रायगड असेच येते. यंदा मात्र आमच्यातल्या एका हौशी मित्राने कोठूनसे अ‍ॅमस्टरडॅम शहराचे एक चित्र आणले आणि ‘कालव्यांचे ऐतिहासिक शहर’ पाहायचेच असा हट्ट धरला. अ‍ॅमस्टरडॅम राहो, निदान केरळातले अलप्पुळा तरी! त्याला ‘पूर्वेकडचे व्हेनिस’ म्हणतात, एवढी माहिती त्याच्यापाशी होती. परंतु आमच्यापाशी होते दोन दिवस, शनिवार आणि रविवार, आणि वर्गणी निघणार होती माणशी चारशे रुपये. एवढ्यात अलप्पुळा तर सोडाच, धड कोल्हापूरही होत नाही.

त्यावर आमच्या सरांनी शांतपणे विचारले, “आपण बसलो आहोत त्या गावातून काय वाहते?”

वर्ग हसला. मी हसलो नाही, त्याचे कारण पुढे येईलच. सरांनी सहलीची आखणी करण्याचे काम माझ्यावर सोपवले, कारण मी इंदापूर तालुक्यातला, कालव्याच्या शेपटाकडच्या गावचा. आमच्याकडे त्याला ‘टेल’ म्हणतात. ही आखणी करताना मला जे कळले ते पुढच्या वर्षी कोणाला उपयोगी पडावे, म्हणून हा लेख.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. व्हेनिस किंवा अ‍ॅमस्टरडॅमचे कालवे नावांसाठी आहेत. व्हेनिस हे खाजणातल्या बेटांवर वसलेले शहर, तेथे पाणी आधी आणि शहर नंतर. अ‍ॅमस्टरडॅमचे प्रसिद्ध कालवे सतराव्या शतकात शहराची वाढ व्हावी म्हणून आखून खणले. आमचा कालवा शेतासाठी आहे. त्यातून नाव जात नाही आणि त्यात पाय सोडून बसणेही धोक्याचे. बारामती हे गाव कालव्यापेक्षा पुष्कळच जुने. श्रीधरांनी शके १६४० मध्ये ‘शिवलीलामृत’ पुरे केले ते येथे, कऱ्हेच्या काठी. मोरोपंत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने येथे राहिले आणि १७९४ साली येथेच वारले. त्या वेळी या गावाला पाणी म्हणजे कऱ्हा. तीही कशी? ब्रह्मदेवाच्या कऱ्यातून, म्हणजे कमंडलूतून, सांडलेली म्हणून कऱ्हा अशी कथा आहे, आणि उन्हाळ्यात तिच्याकडे पाहिले की कमंडलूएवढेच पाणी तिच्यात असावे असे वाटते.

कालवा आला १८८५ साली. त्याच्या मागची हकीकत आम्हांला अभ्यासक्रमात दोन वेगवेगळ्या प्रकरणांत येते, आणि ती दोन्ही प्रकरणे आपल्याच तालुक्यातली आहेत हे कोणी सांगितल्याखेरीज ध्यानात येत नाही. पहिले प्रकरण सुप्याचे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून पुस्तकात येतात ते येथून सुरू झाले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आणि आजचा बारामती तालुका त्या भीमथडीतच येत असे. दुसरे प्रकरण त्याला लागूनच येते. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ. पुणे जिल्ह्याची पूर्व बाजू, म्हणजे भीमथडी आणि इंदापूर, त्यात होरपळून निघाली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली ती याच काळात. सरकारने दुष्काळी कामे काढली, आणि त्यांतलेच एक नीरेच्या डाव्या कालव्याचे. भोरजवळ भाटघरला वेळवंडी नदीवर धरण, तेथून पाणी नदीनेच खाली वीरपर्यंत सोडायचे, वीरला बंधाऱ्याने अडवून कालव्यात घ्यायचे आणि पुरंदर, भीमथडी, इंदापूर असे पूर्वेकडे सुमारे शंभर मैल न्यायचे, अशी योजना. भाटघरच्या जलाशयाला व्हायटिंग नावाच्या इंजिनियराचे नाव दिले होते. माती उपसणाऱ्या बायाबापड्यांची नावे कोठेही नाहीत.

ही माहिती जमवून मी आमच्या आजोबांना सांगितली. आम्ही त्यांना आबा म्हणतो. ते म्हणाले, “आरं, ज्ये पानी आपल्या रानात येत न्हाई, त्ये बघाया पैसं घालवून कशाला जातुयास?”

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. खरे म्हणजे वर्ग हसला तेव्हा मी हसलो नाही तो यासाठीच.

असो. आता आखणीकडे वळू. पहिला प्रश्न : केव्हा जावे? कालवा बाराही महिने वाहत नाही हे बाहेरगावच्या मंडळींना ठाऊक नसते. पाणी ‘आवर्तना’ने सुटते, आणि एका आवर्तनात शेताला मिळते ती ‘पाळी’. रब्बीची आवर्तने हिवाळ्यात, उन्हाळी त्यानंतर. म्हणून सहलीची तारीख आपण ठरवायची नसते, ती पाण्याने ठरवायची असते. आम्ही हा नियम न पाळता डिसेंबरातला एक शनिवार धरला. मी एका कचेरीत चौकशी केली, ‘पाणी असेल’ असे सांगण्यात आले, आणि गुरुवारी बारामतीच्या पुलावरून पाहतो तो कालवा कोरडा! तळाशी प्लास्टिकच्या पिशव्या, एक फुटका माठ आणि दोन शेळ्या. सहल पुढे ढकलावी लागली आणि मंडळात माझी पुरेशी थट्टा झाली. पण कोरडा कालवा पाहणे हेही शिक्षणच आहे हे मला त्या दिवशी कळले. भरलेल्या कालव्याचे काठ तेवढे दिसतात, कोरड्या कालव्यात त्याचा उतार, भिंतींतले पाझर आणि दारांची खरी मापे दिसतात. ज्यांना दोनदा जाणे जमेल त्यांनी दोनदा जावे. शेवटी जानेवारीतला एक शनिवार-रविवार मिळाला, पाणी सुटून तीन दिवस झाले होते.

दुसरा प्रश्न : कोठून कोठे? शंभर मैल दोन दिवसांत पुरे होत नाहीत. भाटघर मी आरंभीच वगळले. तेथे जाऊन यायलाच एक दिवस जातो. आज तेथे आहे ते मूळचे धरण नव्हे. १९२० च्या दशकात खालच्या बाजूला मोठे लॉईड धरण बांधले आणि जुने धरण त्याच्याच पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले तरच ते दिसते. तेव्हा शनिवारी मुखापासून, म्हणजे वीरपासून, बारामतीपर्यंत, मुक्काम बारामतीस, रविवारी बारामतीहून शेपटापर्यंत, म्हणजे इंदापूरपर्यंत. आमच्या मंडळातल्या काहींचे म्हणणे उलट जावे असे होते. कालव्याच्या कायद्यात ‘शेजपाळी’ नावाची पद्धत आहे. तीत पाणी शेपटापासून द्यायला सुरुवात करायची आणि मुखाकडे येत जायचे. मुखाकडच्यांना दार उघडले की पाणी मिळतेच, म्हणून शेवटच्याचा हक्क आधी, असा त्यात साधा न्याय आहे. सहलही तशीच न्यावी असा त्यांचा मुद्दा. मला तो पटला होता, परंतु एस.टी.चे वेळापत्रक शेजपाळीने चालत नाही.

खर्चाचे म्हणाल तर आम्ही चौदाजण होतो, सात मुले, सहा मुली आणि सर. स्वतंत्र गाडी केली नाही. साध्या एस.टी.ने गेलो. मुलींना हल्ली अर्धे तिकीट पडते, त्यामुळे त्यांच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत दोन्ही दिवसांचा चहा आणि उसाचा रस निघाला. जेवण घरचे. प्रत्येकाने भाकऱ्या, ठेचा आणि कोरडी भाजी आणायची असे ठरले होते, तरी एकाने डबाभर शिरा आणलाच. रात्री मुलींची सोय वसतिगृहात, आम्ही मुले एका वर्गमित्राच्या घरी माडीवर.

शनिवारी सकाळी बारामतीहून नीरा आणि तेथून वीर. वीरला म्हसकोबाचे देऊळ आहे, माघात मोठी यात्रा भरते. आधी दर्शन घेतले. येथले धरण १९६५ च्या सुमाराचे. त्याची साठवण ९.४ टीएमसी, भाटघरची २३.५. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, हे पाठ असावे. आमच्या भागात निवडणुकीच्या भाषणांत या शब्दावाचून एक वाक्य पुरे होत नाही आणि अर्थ विचारला तर दहांतले नऊजण गप्प बसतात. धरणावर पूर्वपरवानगीवाचून सोडत नाहीत, तेव्हा पत्र आधी द्यावे. आम्ही कालवा सुरू होतो त्या अंगाला खालच्या रस्त्यावर उभे राहून पाहिले. हिरवट, गार, आवाज न करणारे पाणी. काठावर भोवळ येईल असा वेग नव्हता, पण एक काडी टाकली तर ती डोळ्यांसमोरून सरळ निघून गेली.

येथे सरांनी आम्हांला एक खेळ शिकवला, तो अवश्य करावा. काठावर पन्नास मीटर मोजायचे, उसाचे वाळके पाचट पाण्यात टाकायचे आणि ते दुसऱ्या खुणेपाशी यायला किती सेकंद लागतात ते पाहायचे. आम्ही पाच वेळा केले, सरासरी पासष्ट सेकंद आले. म्हणजे सेकंदाला पाऊण मीटरहून थोडे अधिक. पण पृष्ठभागावरचे पाणी तळच्या आणि कडेच्या पाण्यापेक्षा जोरात जाते, म्हणून याच्या पंच्याऐंशी टक्के धरायचे. हिशेब केला, ताशी सव्वादोन-अडीच किलोमीटर आले. चालणारा माणूस याच्या दुप्पट वेगाने जातो! आमच्या गावच्या फाट्यापर्यंत कालव्याने १४० किलोमीटर भरतात. म्हणजे शनिवारी दुपारी बारा वाजता वीरला पाहिलेले पाणी आमच्या फाट्याशी सोमवारी रात्री बाराच्या आसपास पोचणार, वाटेत कोणी घेतले नाही तर. मी हा आकडा वहीत लिहून ठेवला.

परतीच्या वाटेवर निंबूत, सोमेश्वरनगर, वडगाव निंबाळकर, पणदरे, माळेगाव. सारी कालव्याची गावे. खिडकीतून ऊस, ऊस आणि ऊस. येथे एक प्रश्न सहजच पडतो. दुष्काळी तालुक्याची ज्वारी-बाजरी वाचावी म्हणून काढलेल्या कालव्यावर ऊस कसा आला? आरंभीची काही वर्षे सरकारला गिऱ्हाईकच मिळेना. बऱ्या पावसाच्या वर्षी शेतकरी पाणीपट्टी भरायला तयार नसे, आणि पाऊस गेला की साऱ्यांनाच एकदम पाणी हवे. ज्वारीवर कालव्याचा खर्च निघत नाही, उसावर निघतो. सासवडकडची माळी मंडळी बागाईतात तरबेज. त्यांनी कालव्याकाठी जमिनी खंडाने घेऊन ऊस लावला आणि गुऱ्हाळे सुरू केली. बारामतीचा गुळाचा बाजार त्यातून वाढला. पुढे ऊस फार होऊ नये आणि पाणी दूरवर पोचावे म्हणून ‘ब्लॉक पद्धत’ आली. ठराविक क्षेत्राला ठराविक वर्षे पाण्याची हमी, पण त्यातल्या एका हिश्शातच ऊस, बाकीत हंगामी पिके, आणि हा हिस्सा फिरता ठेवायचा. ही कल्पना विश्वेश्वरय्यांची. म्हैसूरचे दिवाण होण्याआधी ते आपल्या मुंबई इलाख्यात इंजिनियर होते आणि त्यांचे इंजिनियरीचे शिक्षणही पुण्याचे. माझ्या मते ही या कालव्याच्या इतिहासातली सर्वांत शहाणी कल्पना होय. ती पुरती पाळली गेली असती तर आमच्या आबांचे बोल मला ऐकावे लागले नसते.

सरांनी पणदऱ्याच्या पुढे खिडकीतून एक पांढुरके रान दाखवले. ऊस नाही, ज्वारी नाही, नुसते मिठासारखे फुललेले. पाणी कमी पडल्याने नव्हे, जास्त झाल्याने असे होते. वर्षानुवर्षे पाणी मुरत राहिले की जमिनीखालची पातळी वर येते, ते पाणी क्षार घेऊन वर येते, पाणी उडून जाते आणि क्षार राहतात. नीरा कालव्यावर हे संकट इतक्या लवकर आले की १९१६ साली सरकारने पाटबंधाऱ्यांच्या संशोधनासाठी खास शाखा काढली. इंग्लिस या इंजिनियराने या जमिनींचा निचरा कसा करावा यावर येथेच काम केले. खडकवासल्याची आजची जगप्रसिद्ध संशोधन संस्था त्याच शाखेतून वाढली. खडकवासला सर्वांना ठाऊक, तिचे मूळ आपल्या चोपण रानांत आहे हे बारामतीत कोणाला ठाऊक आहे?

शनिवारची संध्याकाळ बारामतीसाठी ठेवावी. बाबूजी नाईकांचा वाडा, सिद्धेश्वराचे आणि काशीविश्वेश्वराचे देऊळ, कऱ्हेचा काठ. मग दिवे लागायच्या वेळी तीन हत्ती चौकाकडे कालव्यावर यावे. तेथे आता काठ सुशोभित केले आहेत, फिरायला गर्दी असते, मुले आइस्क्रीम खात असतात. आमच्या अ‍ॅमस्टरडॅमवाल्या मित्राने तेथे फोटो काढून घेतला आणि हे ‘अगदी तसेच’ असल्याचा निर्वाळा दिला. त्याने तरी ते कोठे पाहिले आहे! पण खोटे कशाला बोलू, दिव्यांची पिवळी प्रतिबिंबे हलत होती तेव्हा मलाही ते शहर आपले वाटले. एरवी तीन वर्षे मी येथे शिकतो आहे, या पुलावरून जाताना माझ्या मनात एकच येते : येथे पाणी आहे, आमच्याकडे अजून का नाही?

रविवारी सकाळी इंदापूरकडे. हा रस्ता म्हणजे तुकोबांच्या पालखीची वाट. काटेवाडीला परीट मंडळी पालखीखाली धोतराच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचे रिंगण होते, पुढे सणसरचा मुक्काम, बेलवाडीचे गोल रिंगण, मग निमगाव केतकी आणि इंदापूर. वारीतले लोक कालवा पाहून ‘नीरामाई’ म्हणत हात जोडतात, असे आमची आजी सांगते. सणसरजवळ भवानीनगरला आम्ही उतरलो आणि कालव्याकाठाने तासभर चाललो. येथवर कालवा अरुंद झालेला स्पष्ट दिसतो. दर फाट्याला थोडे थोडे देत येतो, मोठ्या घरातल्या वडील भावासारखा. काठावर पाटकरी भेटले. त्यांनी दाराची चाके, पाणी मोजायची पट्टी आणि नमुना नंबर सातचे अर्ज दाखवले. पाणी मागायचे तर हा अर्ज भरावा लागतो. मी ते आमच्या आण्णांसाठी दरवर्षी भरतो, म्हणून मला नवे नव्हते, पण शहरातल्या मुलींनी त्याच्या नकला उतरून घेतल्या.

पाटकऱ्यांपाशी अस्तरीकरणाचा विषय निघाला. कालव्याला काँक्रीटचे अस्तर केले तर पाझर थांबेल आणि पाणी शेवटपर्यंत जाईल. पण ज्यांच्या विहिरी त्या पाझरावरच चालतात ते वरचे शेतकरी म्हणतात, आमच्या विहिरी आटतील. आमच्या चौदाजणांत लगेच दोन तट पडले. माळेगावकडची एक मुलगी आणि मी चांगलेच भांडलो. तिचे म्हणणे असे की, तिच्या घरची विहीर तिच्या पणजोबांनी पाझर धरूनच खणली आहे, आता तो चोरी कशी ठरते? मी म्हटले, चोरी म्हणत नाही, पण ते पाणी आमच्या नावावर मोजलेले आहे. सरांनी कोणाचीच बाजू घेतली नाही. वरच्या भागात वाढलेल्याला हे भांडण वर्तमानपत्रातले वाटते, ते समोरच्या माणसाशी होते तेव्हा जड जाते. तिने पुढे मला तिच्या डब्यातली पोळी दिली आणि मी ती खाल्ली.

वालचंदनगर वाटेपासून बाजूला राहते. वेळ असला तर जरूर पाहावे. कळंबच्या माळावर वालचंद हिराचंदांनी उसाची शेती आणि साखर कारखाना उभा केला, आणि त्याच गावातल्या कारखान्यात पुढे अवकाशयानांच्या अग्निबाणांचे भाग तयार झाले. आम्हांला ते जमले नाही. निमगाव केतकीचे पानमळे मात्र पाहिले. शेवग्या-हदग्याच्या सावलीत वेल चढवलेले, आत शिरले की बाहेरचे ऊन विसरावे. इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे आणि तहसील कचेरीच्या आवारातल्या झाडांवर चित्रबलाक घरटी करतात. खाली तारखेला आलेले लोक आणि वर ही लांब चोचींची बिऱ्हाडे! मंडळी तेथून भिगवणमार्गे उजनीचे रोहित पाहायला जाणार होती.

मी मात्र निमगावलाच उतरलो. रविवारी रात्री दोन वाजता आमची पाळी होती, आणि आण्णांच्या गुडघ्याचे दुखणे वाढलेले. सहलीची आखणी मी केली आणि तिचा शेवट मीच पाहिला नाही.

रात्री दोनला चारीवर गेलो तर चारी ओली होती, पाणी नव्हते. वर कोठेतरी ओढले गेले होते. कोणी, ते कोणी सांगत नाही. सोमवारी दिवसभर आम्ही आलटून पालटून चारीवर बसलो. गव्हाला फुटवे येऊन गेले होते, आता पाणी चुकले असते तर दाणा भरला नसता. आण्णांनी तीन वेळा फोन केले. आबा बांधावर बसून होते, मला टोमणा मारायचा राहिला होता तोही त्यांनी मारला नाही.

मंगळवारी पहाटे तीनच्या सुमारास चारीत खळखळ ऐकू आली. आधी पाचोळ्याची आणि फेसाची एक ओळ, मग तिच्यामागे पाणी. मी फावडे घेऊन दारे धरली. बॅटरीच्या उजेडात पाचटाची काडी दिसली की मी ती उगीचच उचलून पाहत होतो. वहीतला आकडा मला आठवत होता : सोमवारी रात्री बारा, त्यात चारीतले तीन तास. आबांना मी सांगितले, “आबा, हे पाणी शनिवारी दुपारी मी वीरला बघितलंय.”

आबा म्हणाले, “मग तवाच बसवून आणायचं व्हतं संगं.”

तीन एकरांतला पावणेदोन एकर भिजला. साडेसहाला पाणी उतरले. मी सातच्या गाडीने बारामतीला आलो आणि दहाच्या तासाला बसलो.